सागर धनकडही पैलवानच होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खुनाच्या खटल्यातला आरोपी, मल्ल सुशील कुमार याच्या जामिनाविषयी आपल्या सदरात आलेली वाचकपत्रे मी वाचली. बहुतेकांचा सूर एकच आहे. देशाला दोन ऑलिंपिक पदके आणून देणाऱ्या मल्लाला निकालाआधीच वर्षानुवर्षे तुरुंगात ठेवणे बरे नव्हे, त्याच्या कामगिरीचा काही तरी विचार व्हायला हवा, असे या वाचकांना वाटते. ज्याच्या खुनाचा हा खटला आहे त्या सागर धनकडचे नाव मात्र इतक्या पत्रांत एकदाही आलेले नाही. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी कराडचा. तरुणपणी तालमीत जोर-बैठका काढल्या, गावोगावच्या जत्रांत फडावर उतरलो. पुढे सातारा जिल्ह्यातल्या न्यायालयांत कारकून म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. कुस्तीवरचे माझे प्रेम आजही तसूभर कमी झालेले नाही. नात तालमीत जाते, तिचा खुराक मी स्वतः बघतो. तेव्हा पैलवानांबद्दल आकस ठेवून कोणी हे लिहिले आहे, असा गैरसमज कृपया होऊ देऊ नये.

सागर 23 वर्षांचा होता. कनिष्ठ गटातला माजी राष्ट्रीय विजेता. वडील दिल्ली पोलिसांत नोकरीला. 4 मे 2021 च्या रात्री दिल्लीतल्या छत्रसाल स्टेडियमच्या आवारात त्याला आणि त्याच्या साथीदारांना बेदम मारहाण झाली आणि त्यात सागर गेला. मॉडेल टाऊनमधल्या एका फ्लॅटवरून वाद होता, असे पोलिसांचे म्हणणे आहे. आरोप सुशीलवर आला आणि तो फरारी झाला. पोलिसांनी त्याच्यावर एक लाखाचे इनाम लावले, रोहिणी न्यायालयाने अटकपूर्व जामीन फेटाळला आणि 23 मे रोजी मुंडका भागात तो सापडला. ऑक्टोबर 2022 मध्ये त्याच्यासह इतरांवर खुनाचे दोषारोप निश्चित झाले. हे आरोप अजून सिद्ध झालेले नाहीत. आयुष्य कोर्टात गेल्यामुळे मी ही गोष्ट कधी विसरत नाही आणि या पत्रातही सुशीलला गुन्हेगार म्हणणार नाही. मला बोलायचे आहे ते नामवंत खेळाडूवर आरोप झाला की आजूबाजूची माणसे कशी वागतात याबद्दल.

20 ऑगस्ट 2008 रोजी सुशीलने बीजिंगला 66 किलो गटात ब्राँझ मिळवले, तेव्हा कराडात आम्ही पेढे वाटले होते. त्याला कारण होते. आमच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीहून ब्राँझ आणले, त्यानंतर भारताला कुस्तीतले दुसरे ऑलिंपिक पदक बघायला 56 वर्षे लागली. ती वाट पाहत आमच्या तालमीतली कितीतरी माणसे वारली. हरियाणा-दिल्लीकडचा तो मुलगा आम्हाला घरचा वाटला. 2010 मध्ये तो मॉस्कोत जगज्जेता झाला, 2012 मध्ये लंडनला रौप्य मिळाले, उद्घाटनाला तिरंगा त्याच्याच हातात होता. एवढे ज्याने दिले त्याच्यावर लोकांनी जीव टाकला, यात नवल नाही.

पण त्या प्रेमाचे पुढे काय झाले ते 2017 साली दिसले. नोव्हेंबरात इंदूरला राष्ट्रीय स्पर्धा होती. सुशील तीन वर्षांनी मॅटवर परतला होता. सुरुवातीच्या कुस्त्या त्याने मारल्या. मग उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम अशा तिन्ही फेऱ्यांत समोरच्या मल्लांनी कुस्ती न करताच सोडून दिली. पाया पडले आणि बाजूला झाले. राष्ट्रीय सुवर्णपदक असे ठरले. ज्येष्ठ मल्लाच्या पाया पडायची रीत आपल्याकडेही आहे, मीही पडलो आहे. पण आमचे वस्ताद बजावून सांगायचे, पाया पडायचे ते कुस्तीच्या आधी आणि नंतर, मधे फक्त कुस्ती करायची. समोरचा मोठा आहे म्हणून फड सोडणाऱ्याला ते दुसऱ्या दिवशी तालमीत उभे करत नसत.

महिन्याभराने, डिसेंबर 2017 मध्ये, राष्ट्रकुल स्पर्धेसाठी निवड चाचणी झाली. जागा कोणती, तर दिल्लीतले के. डी. जाधव सभागृह. खाशाबांच्या नावाचे. इंदूरला अंतिम फेरी सोडून देणारा प्रवीण राणा यावेळी सुशीलविरुद्ध उतरला, लढला, हरला. त्यानंतर दोन्हीकडच्या समर्थकांत हाणामारी झाली. सुशीलविरुद्ध उतरलो म्हणून मला आणि माझ्या भावाला मारले, अशी राणाची तक्रार होती. सुशील आणि त्याच्या समर्थकांवर गुन्हा नोंदवला गेला. त्या वेळी कुस्तीतल्या जाणत्या माणसांनी आणि महासंघाने ही गोष्ट गांभीर्याने घ्यायला हवी होती. घेतली असती तर पुढे काय टळले असते हे मी सांगू शकत नाही. पण ज्याच्याविरुद्ध मॅटवर उभे राहायला पोरे घाबरतात, त्याच्याविरुद्ध पोलीस ठाण्यात जबाब द्यायला कोण उभे राहील, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता.

खास वागणुकीबद्दल बोलताना लोकांना तुरुंगातला टीव्ही, बिछाना, डबा एवढेच आठवते. त्या बाबतीत निदान न्यायालयाने तरी बरोबर केले. सुशीलने तुरुंगात खास खुराक आणि पूरक आहार मागितला होता. जून 2021 मध्ये रोहिणी न्यायालयाने ती मागणी नाकारली, कायद्यापुढे सगळे सारखे असे सांगून. पण त्याच महिन्यात त्याला मंडोलीहून तिहारला हलवताना बंदोबस्तावरच्या पोलिसांनी त्याच्याबरोबर हसत फोटो काढून घेतले. ते फोटो सगळ्या देशाने पाहिले. सागरच्या वडिलांनीही पाहिले असणार, आणि ते स्वतः पोलीस. आपल्या खात्यातली माणसे आपल्या मुलाच्या खुनातल्या आरोपीच्या खांद्याला खांदा लावून उभी आहेत, हे पाहून त्या बापाला काय वाटले असेल? चौकशीचे आदेश निघाले. पण साक्ष द्यायची की नाही याचा विचार करत बसलेल्या एखाद्या पोराने ते फोटो पाहिल्यावर काय ठरवले असेल, त्याची चौकशी कोण करणार?

हे मी अनुभवाने लिहितो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या कोर्टात मारहाणीचा एक खटला होता. आरोपी पंचक्रोशीतला गाजलेला खेळाडू, फिर्यादी एक रिक्षावाला. गाडीला कट मारला म्हणून भर चौकात त्याला मारले होते, हाताचे हाड मोडले होते. तारखेला आरोपी आला की व्हरांड्यातली माणसे उठून उभी राहायची. कोणीतरी खुर्ची आणून द्यायचे, बाहेरून चहा यायचा. रिक्षावाला मात्र गळ्यात हात अडकवलेला, पुकारा होईपर्यंत भिंतीला टेकून उभा. हे पाहून मी एकदा शिपायाकरवी त्याच्यासाठी बाक रिकामा करून घेतला, तर एका वकिलाने मला विचारले, तुमचा कोण लागतो? साक्षीदार चौघे होते. चौघांनीही जबानी फिरवली. एक म्हणाला अंधार होता, एक म्हणाला मी चहा पीत होतो, पाठ होती. सरकारी वकिलांनी त्यांना फितूर जाहीर करून उलटतपास घेतला, हाती काही लागले नाही. आरोपी निर्दोष सुटला. कोणी कोणाला पैसे दिले, धमकी दिली, असे माझ्या कानावर कधी आले नाही. त्याची गरजच पडली नसावी. त्या चौघांना त्याच गावात राहायचे होते आणि गावाला तो खेळाडू हवा होता.

छत्रसालचे चित्र याहून किती मोठे आहे ते बघा. सुशील लहानपणापासून तिथेच घडला. सासरे सतपाल सिंग तिथले नामांकित प्रशिक्षक. सुशील स्वतः त्या स्टेडियममध्ये अधिकारी होता. तिथे राहणाऱ्या पोरांचे खाणे, झोपणे, सराव, निवड, पुढची रेल्वेतली किंवा पोलिसांतली नोकरी, सगळ्याची वाट त्याच दारातून जाते. अशा ठिकाणी घडलेल्या घटनेचे साक्षीदारही त्याच मुलांतले. दिल्ली उच्च न्यायालयाने 4 मार्च 2025 रोजी सुशीलला जामीन दिला. तोवर सुशील साडेतीन वर्षे आत होता, आणि दोनशेवर साक्षीदारांच्या यादीतले जेमतेम तिसेक तपासून झाले होते. सागरच्या वडिलांनी सर्वोच्च न्यायालय गाठले. बहुतेक साक्षीदार फितूर झाल्याचे तिथे पुढे आले आणि 13 ऑगस्ट 2025 रोजी जामीन रद्द झाला. न्यायालयाने कारण स्पष्ट दिले: हा नामवंत मल्ल आहे, ऑलिंपिकपटू आहे, समाजावर त्याचा प्रभाव आहे, तेव्हा साक्षीदारांवर त्याचे वजन पडणार नाही असे म्हणता येत नाही.

माझ्या मते त्या निकालातले हे सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. आपले वाचक जी कामगिरी सवलतीचे कारण म्हणून पुढे करतात, तीच न्यायालयाने सावधगिरीचे कारण म्हणून पाहिली. आणि ते योग्य आहे. पदकामुळे आरोपीचा गुन्हा मोठा होत नाही, पण साक्षीदारांचे भय मोठे होते.

खटला रखडतो ही तक्रार शंभर टक्के खरी आहे. पण ती फक्त सुशीलसाठी का आठवावी? आपल्या देशातल्या तुरुंगांत दर चारातले सुमारे तीन कैदी कच्चे आहेत, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले. त्यांतले कितीतरी जण मोबाइल चोरीसारख्या आरोपावर अडकलेले मी पाहिले आहेत. जामीन मंजूर होतो, पण सातबारा घेऊन उभा राहणारा जामीनदार मिळत नाही म्हणून पोरगे आतच राहते. त्यांच्यासाठी एकाही वाचकाने आजवर पत्र लिहिल्याचे मला आठवत नाही. विलंबावर राग असेल तर तो त्या सगळ्यांसाठी असू द्या, मी तुमच्याबरोबर सही करीन.

आता क्रिकेटचे उदाहरण घ्या, तिथे तर पूर्ण चक्र पाहायला मिळते. 27 डिसेंबर 1988 रोजी पतियाळात शेरांवाला गेटजवळ रस्त्यात गाडी उभी करण्यावरून नवज्योत सिद्धू आणि त्याच्या मित्राचा 65 वर्षांच्या गुरनाम सिंग यांच्याशी वाद झाला. मारहाण झाली आणि गुरनाम सिंग वारले. सिद्धू तेव्हा 25 वर्षांचा, भारताकडून खेळणारा. पुढच्या वर्षी तो वेस्ट इंडीजला खेळला, पाकिस्तानात खेळला, दहा वर्षे खेळत राहिला. 1999 मध्ये सत्र न्यायालयाने सोडले. 2006 मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधासाठी तीन वर्षांची शिक्षा दिली. 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिली, म्हणून तो अमृतसरची पोटनिवडणूक लढू शकला आणि जिंकला. मे 2018 मध्ये त्याच न्यायालयात शिक्षा ठरली एक हजार रुपये दंड. एका माणसाच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी, एक हजार रुपये. गुरनाम सिंग यांच्या घरच्यांनी पुनर्विचार मागितला, आणि 19 मे 2022 रोजी एक वर्षाची सक्तमजुरी झाली.

त्या पुनर्विचाराच्या निकालात न्यायालयाने जे म्हटले ते प्रत्येक तालमीत वाचून दाखवावे असे आहे. मुष्टियोद्धा, मल्ल, क्रिकेटपटू किंवा अत्यंत धडधाकट माणूस मारतो तेव्हा हात हेच शस्त्र होऊ शकते. समोर दुपटीहून जास्त वयाचा माणूस होता आणि आपल्या ठोशात किती ताकद आहे याची आंतरराष्ट्रीय खेळाडूला जाण असायला हवी होती. आमच्या वस्तादांनी न्यायालयाचे तोंड कधी पाहिले नव्हते, पण तेही हेच सांगत: बाहेर भांडण झाले तर पैलवानाने दोन पावले मागे यायचे, कारण आपला हात साध्या माणसाला झेपत नाही. तालमीच्या बाहेर हात उचलल्याचे कळले की त्या पोराची माती बंद. गावच्या पाटलाचा मुलगा असला तरी.

सिद्धू दहा महिने तुरुंगात राहून 1 एप्रिल 2023 रोजी सुटला. न्याय झाला असे कोणी म्हणेल. पण त्यासाठी मृताच्या कुटुंबाला 34 वर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. एवढी चिकाटी आणि एवढा पैसा किती कुटुंबांकडे असतो?

यावर कोणी म्हणेल, मग खेळाडूंना या देशात सगळे माफ आहे. तसेही नाही. 2023 मध्ये साक्षी मलिक, विनेश फोगाट, बजरंग पुनिया जंतरमंतरवर बसले होते. कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर महिला मल्लांनी लैंगिक छळाचे आरोप केले होते. ते अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचे खासदार. पोलिसांत तक्रार दिली 21 एप्रिलला, गुन्हा नोंदला गेला 28 एप्रिलला, तोही मुली सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर. आणि 28 मे रोजी याच पदकविजेत्यांना पोलिसांनी रस्त्यावरून फरफटत गाडीत घातले, तेव्हा त्यांच्याविरुद्धचा गुन्हा त्याच दिवशी दाखल झाला. ऑलिंपिकचे ब्राँझ साक्षीच्या गळ्यातही होते. न्याय मागायला रस्त्यावर बसली तेव्हा त्याचा तिला काही उपयोग झाला नाही. आमची नात ते दृश्य टीव्हीवर बघत होती. तिने मला विचारले, आजोबा, हिला तर पदक आहे ना? मी तिला काय उत्तर देणार होतो?

तेव्हा खास वागणूक मिळते ती वजनाला. कधी ते वजन पदकाचे असते, कधी खुर्चीचे, कधी दोन्हींचे. आणि ज्याच्यावर ते पडते तो बहुतेक वेळा लहान खेळाडूच असतो: सागर, किंवा तक्रार देणाऱ्या महिला मल्लांतली एखादी, जिचे नावही उघड झाले नाही.

आपल्या राज्यापुरते काही करता येण्यासारखे आहे, ते सांगतो. महाराष्ट्र सरकार नामवंत मल्लांना थेट पोलीस उपअधीक्षकपद देते. हे चांगलेच आहे. खाशाबांनीही पोलीस खात्यातच नोकरी केली, फौजदार म्हणून लागून सहायक आयुक्तपदापर्यंत गेले. पण पोलीस खात्यात असलेल्या किंवा ज्याच्या सत्काराला तेच खाते उभे राहते अशा खेळाडूवर गंभीर तक्रार आली, तर तपास त्या जिल्ह्याबाहेरच्या अधिकाऱ्याकडे जावा. साक्षीदार संरक्षण योजना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्येच देशभर लागू केली. तालमीत, वसतिगृहात राहणारा मुलगा साक्षीदार असेल तर त्याला ती आपसूक मिळावी, आणि त्याची सरावाची व राहण्याची सोय दुसरीकडे सरकारने करावी. नाही तर त्या पोरापुढे साक्ष किंवा कुस्ती यांतले एकच उरते. तिसरे, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा क्रीडासंस्था आणि स्टेडियम यांनाही लागू आहे. आपल्या जिल्ह्यातल्या किती क्रीडासंस्थांत अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती आहे, तिच्या प्रमुख बाईंचे नाव दर्शनी भागात लावले आहे का, हे आपल्या बातमीदारांनी फिरून पाहावे. माझ्या नातीच्या तालमीपासून सुरुवात केली तरी माझी हरकत नाही.

आणि एक विनंती आपल्याला. सुशील आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला, या बातम्या मोठ्या फोटोसह पहिल्या पानावर येतात. खटल्यात पुढे कोणाची साक्ष झाली, कोण फिरला, कोण ठाम राहिला, हे मात्र कुठे वाचायला मिळत नाही. दिल्लीतल्या आपल्या प्रतिनिधीला रोहिणी न्यायालयातल्या तारखांना पाठवा आणि दर तारखेला चार ओळी तरी छापा. निकाल कसाही लागो. सुशील निर्दोष ठरला तर तेही ठळक छापा, पेढे पुन्हा वाटायला मी तयार आहे. मात्र प्रत्येक बातमीत सागर धनकडचे नाव सुशीलच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात घाला.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी
कराड, जि. सातारा